बक्षिसीची मालकी

ज्या नगरांची प्रत्येक पेठ आधी नकाशावर उमटली आणि मागाहून जमिनीवर उतरली, अशा आपल्या देशातील मोजक्या नगरांत नवी मुंबईची गणना करावी लागते. १७ मार्च १९७० रोजी सिडकोची स्थापना झाली. ठाणे, पनवेल व उरण या तीन तालुक्यांतील पंचाण्णव गावांची जमीन नव्या शहरासाठी मुक्रर करण्यात आली. १९७३ साली ठाणे खाडीवर वाशीचा पूल झाला, पुढे मुंबईतील घाऊक बाजार टप्प्याटप्प्याने तुर्भ्याला हलले, आणि १९९२ च्या मे महिन्यात मानखुर्दहून निघालेली रेल्वे खाडी ओलांडून वाशीस पोहोचली. बाजाराबरोबर ट्रक आले, ट्रकांबरोबर ड्रायव्हर, हमाल व दलाल आले, आणि या सर्वांच्या भुकेपाठोपाठ खानावळी, उडुपी उपाहारगृहे, महामार्गालगतचे ढाबे आणि परमिट रूमही आल्या. त्यांच्या जागेचे क्षेत्रफळ, बंद होण्याची वेळ, मद्यविक्रीची परवानगी, हे सारे कोठे ना कोठे लिहिलेले असते. मात्र त्यांच्याच टेबलांवरून प्रत्यही फिरणारी एक रक्कम अशी आहे की जिच्यासाठी कोणत्याही सरकारी दफ्तरात रकाना राखलेला नाही. ती म्हणजे बिलाच्या बशीत, बडीशेपेच्या शेजारी, ग्राहक जाता जाता ठेवतो ती टिप. या रकमेचा मालक कोण, आणि ती अनेकांत वाटावयाची झाल्यास कोणत्या न्यायाने वाटावयाची, या प्रश्नाने गेल्या शंभराहून अधिक वर्षांत निरनिराळ्या न्यायासनांना निरनिराळ्या निमित्तांनी त्रस्त केले आहे, आणि त्यातील एक मोठे प्रकरण याच नवी मुंबईच्या वेशीवर, पनवेलच्या आसमंतात, उगम पावले आहे.

टिप ही दिसावयास एका हातातून दुसऱ्या हातात जाणारी वस्तू. परंतु ज्या संतोषापोटी ती दिली जाते तो संतोष एकट्या वेटरने निर्माण केलेला नसतो. थाळी आणणाऱ्याच्या मागे ती शिजविणारा आचारी असतो, भट्टीपुढे उभा असलेला कारागीर असतो, मोरीवर भांडी घासणारा असतो, टेबल पुसणारा पोऱ्या असतो, आणि मोठ्या हॉटेलात ऑर्डर घेणारा कॅप्टन व दार उघडणारा दरवानही असतो. म्हणून वहिवाटी निरनिराळ्या पडल्या. कोठे ज्याचे टेबल त्याची टिप, असा साधा नियम. कोठे सर्वांची टिप एका डब्यात पडावयाची आणि रात्री गल्ला बंद झाल्यावर अथवा आठवड्याने वाटली जावयाची. कोठे हुद्द्याप्रमाणे कमीअधिक हिस्से ठरलेले. तंटे उद्भवतात ते या वाटणीच्या सांध्यांतून. मुदपाकखान्याला हिस्सा द्यावयाचा की नाही, रजेवर गेलेल्याचे काय, महिन्याच्या मध्यात नोकरी सोडणाऱ्याचे काय, फुटलेल्या पेल्यांची आणि बिल न देता निघून गेलेल्या गिऱ्हाइकाची भरपाई या डब्यातून करावी काय, आणि सर्वांत कठीण म्हणजे, ज्याच्या हाती नोकरीवर ठेवण्याची व काढण्याची सत्ता आहे त्या मॅनेजराने त्यात हात घालावा काय? हे प्रश्न रोज उठतात आणि रोजच्या रोज, बहुधा दुर्बळाच्या नुकसानीत, मिटविले जातात; त्यांची फिर्याद क्वचितच होते.

जुन्या मुंबईतही हीच स्थिती होती. दिवाळीला पोस्त देण्याची आणि कामगिरीवर खूश होऊन बक्षीस देण्याची रीत आपल्याकडे इंग्रजी हॉटेले येण्यापूर्वीपासून होती. १९०३ साली अपोलो बंदरावर ताजमहाल हॉटेल उघडले आणि फोर्टात व गिरणगावात इराण्यांची दुकाने फोफावली, तेव्हा त्या जुन्या रीतीला नवे ठिकाण मिळाले. पुढे उडुपीकडून आलेल्या माणसांनी हा व्यवसाय पुष्कळसा हाती घेतला, माटुंग्याचे ए. रामा नायक यांचे श्रीकृष्ण बोर्डिंग १९४२ पासूनचे आहे. अशा उपाहारगृहांत काम करणारी पोरे बहुधा मालकाच्या मुलखातलीच असत. त्यांचे जेवण मालकाकडे, रात्रीची झोप त्याच टेबलांवर, आणि पगार बऱ्याचदा मालकाकडेच साचत राहून गावी जाण्याच्या वेळी हाती पडणारा, अशी रचना असल्यामुळे रोजचा रोकड पैसा असा त्यांना टिपेखेरीज दुसरा नव्हता. साबण, विडी, सिनेमा, आईला पाठवावयाची मनिऑर्डर, सर्व त्यातून. १९४८ चा मुंबई दुकाने व संस्था कायदा आला आणि त्याने उपाहारगृहातील नोकराचे कामाचे तास, साप्ताहिक सुटी व रजा यांना कायद्याचे कुंपण घातले. त्यानंतरच्या दोन दशकांत जॉर्ज फर्नांडिस यांच्यासारख्या पुढाऱ्यांनी हॉटेल कामगारांना संघटनेच्या छत्राखाली आणले. वेतन, तास, बडतर्फी यांवर लढे झाले. टिपेची वाटणी मात्र घरातला प्रश्न म्हणून घरातच राहिली.

इंग्लंडात या प्रश्नाने न्यायालयाची पायरी फार पूर्वी चढली होती. रेल्वेच्या भोजनडब्यात काम करणाऱ्या पेन नामक वेटरच्या मृत्यूनंतर त्याच्या वारसांना द्यावयाची भरपाई मोजताना त्याची टिप मिळकतीत धरावी, असा निर्णय १९०८ साली तेथे झाला. मालकावरील भरपाईचा बोजा त्यामुळे वाढला, परंतु मृत माणसाचे घर खरोखर कशावर चालले होते हे न्यायालयाने ओळखले. १९५१ साली लंडनच्या रीजंट स्ट्रीटवरील फ्लोरिडा नावाच्या उपाहारगृहाचा दावा आला. तेथे वेटर आपली टिप एका कुलूपबंद पेटीत टाकीत आणि ठरल्या वेळी आपसांत वाटून घेत. मालकाचे म्हणणे असे की या वाटणीची रक्कम आम्ही कायद्याने द्यावयाच्या किमान वेतनात जमेस धरतो. न्यायालयाने ते मान्य केले नाही. पेटीतला पैसा मालकाचा कधीच नव्हता, तेव्हा त्या पैशाने मालकाचे देणे फिटत नाही, हे तेथे ठरले. या दोन निवाड्यांत तत्त्वाची दोन्ही अंगे आली आहेत: कामगाराच्या हितासाठी टिप मिळकत ठरू शकते, आणि मालकाच्या सोयीसाठी ती वेतन ठरू शकत नाही.

हेच तत्त्व आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९७६ साली, जयपूरच्या रामबाग पॅलेस हॉटेलचे व्यवस्थापन आणि राजस्थान हॉटेल कामगार युनियन यांच्यातील वादात, अधिक स्पष्टपणे मांडले. ग्राहकांकडून टिप म्हणून आलेली रक्कम व्यवस्थापनाच्या हाती जमा होई आणि मग कामगारांत वाटली जाई. ही रक्कम कामगारांना मिळतच आहे, तेव्हा वेतनाचा विचार करताना तिचा लाभ आम्हांस मिळावा, असा व्यवस्थापनाच्या युक्तिवादाचा रोख होता. न्यायालयाने सांगितले की हा पैसा कामगारांच्या वतीने गोळा झालेला आहे, त्यावर व्यवस्थापनाची मालकी नाही, आणि तो वाटताना व्यवस्थापनाच्या खिशातून काही जात नाही. मला या निवाड्याचे महत्त्व दुहेरी वाटते. एक तर तो तत्त्व सांगतो. आणि दुसरे म्हणजे, या दीर्घ इतिहासात ज्या थोड्या प्रसंगी कामगार स्वतःच्या नावाने न्यायासनापुढे उभा राहिला, त्यांपैकी हा एक आहे. पुढे टिपेवर जे खटले झाले त्यांत बहुशः वादी-प्रतिवादी दुसरेच होते.

आता पनवेलकडे वळू. मुंबईहून पुण्याकडे आणि कोकणाकडे जाणारे मार्ग येथे फुटतात. शेजारच्या कळंबोलीपासून द्रुतगती महामार्ग सुरू होतो. रात्रीच्या रस्त्याचा पैसा या टापूत फार दिवसांपासून खेळतो आहे. महाराष्ट्रातील पहिले डान्स बार १९८० च्या दशकाच्या आरंभी रायगड जिल्ह्यात, खालापूरच्या बाजूस, निघाले असे सांगितले जाते. पुढे ते मुंबईभर आणि नवी मुंबईभर पसरले. या धंद्याचे अर्थशास्त्र पूर्णतः टिपेवर उभे होते. नर्तकीला ठरीव पगार बहुधा नसे; ग्राहक गल्ल्यावरून दहाच्या नोटांची बंडले घेई आणि ती गाण्यावर उधळी; पोऱ्ये त्या नोटा वेचीत, त्यांची मोजदाद होई, आणि मग मालकाचा हिस्सा कापून उरलेली रक्कम नर्तकीच्या पदरात पडे. हा हिस्सा किती, हे बारपरत्वे निराळे; तो लेखी असे तो क्वचितच. वेटर, वादक, दारावरचा माणूस आणि पहाटे घरी सोडणारा रिक्षावाला यांचाही वाटा त्याच नोटांतून निघे. म्हणजे एका स्त्रीच्या नावाने उधळलेल्या पैशावर एक संपूर्ण आस्थापना चाले, आणि त्या स्त्रीचा हक्क त्यात नेमका किती, हे सांगणारा एकही दस्तऐवज नसे.

मार्च २००५ च्या अखेरीस, पनवेलचे शेतकरी कामगार पक्षाचे आमदार विवेक पाटील यांनी विधानसभेत उपस्थित केलेल्या चर्चेला उत्तर देताना, तत्कालीन उपमुख्यमंत्री व गृहमंत्री आर. आर. पाटील यांनी डान्स बार बंद करण्याचा मनोदय जाहीर केला. मुंबई पोलीस कायद्यात ३३-अ व ३३-ब ही कलमे घालण्यात आली आणि १५ ऑगस्ट २००५ पासून उपाहारगृहे, परमिट रूम व बिअर बार यांतील नृत्यास बंदी झाली. तीन तारे वा त्याहून वरच्या दर्जाची हॉटेले आणि जिमखाने मात्र तीतून वगळले गेले. बारमालकांची ‘आहार’ ही संघटना न्यायालयात गेली, आणि भारतीय बारगर्ल्स युनियनही वर्षा काळे यांच्या नेतृत्वाखाली गेली. नर्तकींची संख्या सुमारे ७५,००० असल्याचे न्यायालयासमोर सांगण्यात आले; त्यांच्या परिस्थितीविषयी एसएनडीटी महिला विद्यापीठाच्या संशोधन केंद्राने स्त्रियांच्या एका संघटनेच्या सहकार्याने केलेला अभ्यासही पुढे आला. १२ एप्रिल २००६ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने बंदी घटनाबाह्य ठरविली आणि १६ जुलै २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय कायम केला. वरच्या दर्जाच्या हॉटेलात जे नृत्य चालते ते साध्या बारमध्ये अनीतीचे कसे ठरते, हा समानतेचा प्रश्न. आणि ज्या स्त्रियांना दुसरा रोजगार नाही त्यांची उपजीविका कोणत्या पर्यायाच्या बळावर काढून घेतली, हा व्यवसायस्वातंत्र्याचा प्रश्न. या दोहोंवर राज्याची बाजू पडली.

त्यानंतरचा इतिहास हट्टाचा आहे. २०१४ साली विधिमंडळाने, वगळलेल्यांनाही कक्षेत घेऊन, बंदी पुन्हा आणली. १५ ऑक्टोबर २०१५ रोजी तिला स्थगिती मिळाली. २०१६ साली बंदीऐवजी कडक नियमनाचा नवा कायदा झाला. आणि १७ जानेवारी २०१९ रोजी न्या. सिक्री व न्या. अशोक भूषण यांच्या पीठाने त्याच्या कित्येक अटी रद्द केल्या. आपल्या विषयाच्या दृष्टीने त्या निवाड्यातील दोनच मुद्दे पाहावयाचे. नोटा उधळण्यावरील मनाई न्यायालयाने राखली, परंतु टिप देण्यास मोकळीक दिली. आणि नर्तकीला मासिक वेतनावरच नेमले पाहिजे ही सक्ती काढून टाकली, मात्र लेखी करार करावा व मोबदला तिच्या बँक खात्यात भरावा, या अटी कायम ठेवल्या.

चौदा वर्षे चाललेल्या या वादात राज्याने प्रतिष्ठेची भाषा केली, मालकांनी व्यवसायाची केली आणि नर्तकींनी पोटाची केली; परंतु ज्या पैशावर हे सारे उभे होते त्यातील मालकाचा हिस्सा कोणत्या अधिकाराने कापला जात होता, हा प्रश्न त्या वादाच्या केंद्रस्थानी कधीच आला नाही. १९७६ च्या तत्त्वाचा आधार घ्यावयाचा तर ग्राहकाने नर्तकीला दिलेल्या पैशावर मालकाची मालकी पोहोचत नाही. जागा, वीज, गाणे यांचा मोबदला त्याला हवा असेल तर तो त्याने कराराने मागावा, उचल म्हणून कापू नये. ज्या स्त्रियांना शासन अनीतीपासून वाचवू पाहत होते त्यांना हिशेबाची एक वही आणि ती पाहण्याचा हक्क मिळवून दिला असता, तर पनवेलच्या रस्त्यावरील कित्येक घरांचे अधिक भले झाले असते, असे मला निश्चित वाटते. बंदीच्या काळात बहुतेक ठिकाणी ऑर्केस्ट्रा बार आले. गायिका आल्या, वाटणीची रीत जुनीच राहिली.

दरम्यान मोठ्या हॉटेलांच्या बाबतीत हाच प्रश्न आयकर खात्याने उकरला. टिप कार्डावरून बिलातच दिली जाऊ लागली, ती आधी हॉटेलच्या खात्यात येऊन मग नोकरांना मिळू लागली. तेव्हा ही रक्कम पगारच होय आणि मालकाने तीवर कर कापावयास हवा होता, असा दावा खात्याने आयटीसी आदी कंपन्यांवर लावला. दिल्ली उच्च न्यायालयाने खात्याची बाजू घेतली; २६ एप्रिल २०१६ रोजी न्या. कुरियन जोसेफ व न्या. नरिमन यांनी तो निर्णय फिरविला. मालक या पैशाचा केवळ विश्वस्त आहे, नोकराला तो देणे हे नोकरीच्या कराराचे देणे नव्हे, म्हणून हा पगार नव्हे. नोकराच्या हातात ती इतर मार्गाने झालेली मिळकत होय, असे त्यांनी ठरविले, आणि त्यासाठी रामबाग पॅलेसच्या निवाड्याचाही आधार घेतला. कर्मचारी राज्य विमा महामंडळानेही कर्नाटकातील एका हॉटेलच्या सेवाशुल्कावर हक्क सांगितला होता. तेथेही कामगारांत वाटले जाणारे हे शुल्क वेतन नव्हे असेच सर्वोच्च न्यायालयाने म्हटले. तत्त्व दोन्हीकडे शुद्ध आहे. पण त्याचा परिणाम पाहा: १९०८ साली इंग्लंडात वेटरच्या मृत्यूनंतर जी रक्कम मिळकत म्हणून मोजली गेली, तीच रक्कम येथे विम्याच्या हिशेबातून बाहेर राहिली, आणि ज्याची निम्मी कमाई टिपेची आहे त्या माणसाचा आजारपणाचा भत्ता उरलेल्या अर्ध्यावर ठरू लागला. हे न्यायाधीशांचे न्यून नव्हे. कायद्याने टिपेला स्वतंत्र नाव दिलेले नसल्यामुळे तिला वेतनाच्या आत किंवा वेतनाच्या बाहेर ढकलण्यावाचून त्यांच्यापुढे मार्ग नव्हता.

चौथ्या निमित्ताने ग्राहक उभा राहिला. बिलावर आपोआप चढणारे सेवाशुल्क केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांनी मना केले, आणि मालकांच्या संघटनांचे आक्षेप दिल्ली उच्च न्यायालयाने २८ मार्च २०२५ रोजी फेटाळले. नाइलाजाने दिलेली बक्षिसी ही बक्षिसी राहत नाही, हे ग्राहकाच्या बाजूने योग्यच आहे. हे शुल्क नोकरांच्या कल्याणासाठी आहे असे मालक सांगत होते. तथापि ते खरोखर किती व कसे वाटले जाते याची नोंद ठेवण्याचे बंधन देशातील कोणत्याही कायद्याने त्यांच्यावर घातलेले नव्हते. २१ नोव्हेंबर २०२५ रोजी अमलात आलेल्या वेतन संहितेतही वेतनाची लांबलचक व्याख्या आहे, तिच्यातील वगळलेल्या रकमांची यादी आहे, पण टिपेचे नाव नाही. इंग्लंडने मात्र १ ऑक्टोबर २०२४ पासून कायदाच केला आहे: टिप पूर्णपणे कामगारांची, वाटणी न्याय्य व उघड, आणि तिची नोंद तीन वर्षे जपण्याची जबाबदारी मालकाची.

परंतु महाराष्ट्राला यासाठी इंग्लंडकडे पाहण्याचे कारण नाही. तुर्भ्याच्या बाजारात, त्याच उपाहारगृहांच्या शेजारी, अनेकांनी मिळून कमावलेल्या पैशाची न्याय्य वाटणी करणारी व्यवस्था चालू आहे. पाठीवर पोते वाहणाऱ्या हमालाचीही दशा एके काळी हीच होती. कोणता व्यापारी आपला मालक हे त्याला सांगता येत नसे, मजुरी टोळीला मिळे, आणि मुकादमाच्या हातून ती कोणाच्या वाट्याला किती येईल याचा भरवसा नसे. अण्णासाहेब पाटील यांनी या विखुरलेल्या माणसांची संघटना बांधली आणि १९६९ साली माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगारांचा कायदा महाराष्ट्राने केला. त्या कायद्याखाली कामगार, व्यापारी व शासन यांच्या प्रतिनिधींची मंडळे स्थापन झाली. व्यापाऱ्याने मजुरी मंडळात भरावयाची, तीवर ठरावीक टक्के लेव्ही द्यावयाची, टोळीची कमाई टोळीतील नोंदलेल्या माणसांत वाटली जावयाची, आणि लेव्हीतून भविष्यनिर्वाह निधी, उपदान, बोनस, औषधोपचार यांची तजवीज व्हावयाची. कोणते पोते कोणाच्या पाठीवरून गेले हे टोळीच्या कामात निवडून काढता येत नाही, म्हणून वाटणी नियमाने करावी लागते. थाळीचा संतोष आचाऱ्याचा किती व वेटरचा किती हेही निवडून काढता येत नाही. त्या कायद्यातही दोष शिरले, त्याच्या नावावर खंडणी उकळणारेही निघाले, हे खरे. तरीही कोपरखैरणे-घणसोलीच्या वसाहतींत माथाड्यांची जी स्वतःची घरे उभी आहेत, ती त्या नोंदवह्यांनी उभी केली आहेत.

महाराष्ट्र शासनाने वेतन संहितेखालील आपल्या नियमांत, अथवा दुकाने व आस्थापना कायद्यात दुरुस्ती करून, एवढे करावे. मालक आणि नेमणुकीचा अधिकार असलेला मॅनेजर यांना टिपेत हिस्सा नसावा. फूटतूट किंवा बुडालेले बिल तिच्यातून वसूल होऊ नये. वाटणीची रीत कामगारांनी सभा घेऊन ठरवावी, लिहावी, आणि तो कागद मुदपाकखान्याच्या दाराशी लावावा. कार्डाने किंवा मोबाइलवरून आलेल्या टिपेची वही प्रत्येक कामगाराला, मोरीवरच्या माणसालाही, मागेल तेव्हा पाहता यावी. आणि लहान खानावळींना या बंधनातून सूट नसावी, कारण या रकमेची सर्वाधिक गरज तेथेच आहे. कामगार संघटनांनी ही मागणी मुंबईच्या तारांकित हॉटेलांपुरती न ठेवता वाशी, तुर्भे, बेलापूर, पनवेलच्या रस्त्यावरील प्रत्येक उपाहारगृहापर्यंत न्यावी. आणि ज्या वाचकाच्या हातून ही रक्कम बशीत पडते त्याने, असा नियम होईपर्यंत, ती ठेवताना समोरच्या माणसाला एवढे अवश्य विचारावे की यातले तुमच्या हाती किती येते.